पेपरमध्ये फोटो इंटर्नशिप लागलीये? पहिला दिवस कसा काढायचा ते सांगते

कॉलेजच्या पत्रावर किंवा कुणाच्या तरी ओळखीने एखाद्या मराठी दैनिकात फोटोग्राफी इंटर्न म्हणून चिकटला असाल तर आधी अभिनंदन, आणि आता कॅमेरा कुठला घेऊ हा प्रश्न जरा बाजूला ठेवूया. मी पुण्यात एका पेपरला सहा महिने इंटर्न होते, नंतर त्याच लायनीत राहिले, आणि तेव्हापासून दरवर्षी जूनमध्ये नवीन पोरंपोरी येताना बघतेय. त्यातलं कुणी फोटो वाईट काढतं म्हणून अडकत नाही, सगळी अडकतात ती नावावर. फोटो झकास असतो, फ्रेम नीट, लाईट नीट, आणि डेस्कवरून, म्हणजे ऑफिसात पान तयार करणाऱ्यांकडून, विचारतात "हा माणूस कोण?" की सगळं शांत. नाव नसलेला फोटो पेपरला शक्यतो चालत नाही. इन्स्टावर चालतो.

तर एक पूर्ण दिवस धरून सांगते, पावसाळ्यातला, कारण बहुतेक जण त्याच वेळी जॉइन होतात. पुण्याचं उदाहरण आहे पण नागपूर, कोल्हापूर, नाशिक कुठेही थोड्याफार फरकाने हेच.

आदल्या रात्री

बॅटऱ्या चार्ज करा हे सांगायची गरज नसावी, तरी सांगते, कारण मी स्वतः चार्जर लावून भिंतीवरचं बटण दाबायला विसरलेली बाई आहे आणि सकाळी नऊ वाजता एका मोर्चासमोर कॅमेऱ्याने मान टाकली होती. १२८ जीबीच्या एका कार्डापेक्षा ३२ ची दोन-तीन कार्डं ठेवा, एक गेलं तरी दिवस जात नाही. कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, लॅपटॉपवर नको. आणि कॅमेऱ्याचं घड्याळ फोनशी जुळवून घ्या, हे नव्वद टक्के नवीन पोरं करत नाहीत, मग संध्याकाळी तीन कार्यक्रमांचे चारशे फोटो समोर असतात आणि कुठला कधीचा तेच कळत नाही.

लेन्स जी आहे ती चालेल. सिनियर लोकांकडे २४-७० आणि ७०-२०० असते, तुमच्याकडे किटवाली १८-५५ आणि ५५-२५० असेल तर पहिले काही महिने आरामात निघतात, कर्ज काढू नका.

बॅगेत काय: छोटी वही, पेन्सिल (पेन नको, पावसात शाई पसरते आणि नावं वाहून जातात, शब्दशः), जुना सुती पंचा, हॉटेलातून आणलेली शॉवर कॅप, रबरबँड, बिस्किटचा पुडा. शिवाय एक जाड प्लास्टिकची पिशवी, तळाला लेन्सच्या मापाचं भोक पाडायचं, लेन्स बाहेर काढून रबरबँड लावायचा, झाला रेनकोट. महाराष्ट्रात २०१८ पासून प्लास्टिकबंदी आहे, तरी प्रत्येक फोटोवाल्याच्या बॅगेत अशी एक पिशवी वारसाहक्काने मिळाल्यासारखी जपलेली असते.

ऑफिसने दिलेलं पत्र लॅमिनेट करून घ्या. इंटर्नला प्रेस कार्ड मिळेलच असं नाही, आणि सरकारची अधिस्वीकृती पत्रिका ही वेगळीच गोष्ट, ती माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाकडून अनुभव वगैरे बघून मिळते, तुमचा तिच्याशी अजून काही संबंध नाही. गाडीवर 'प्रेस' लिहू नका. ट्रॅफिकवाले आधी त्याच गाडीला बाजूला घेतात आणि वर सिनियर हसतात ते वेगळंच.

सकाळी साडेसहा-सात

चहाबरोबर सगळे पेपर चाळा, नुसता आपला नाही. सकाळ, लोकसत्ता, लोकमत, महाराष्ट्र टाइम्स, पुढारी, जे मिळतील ते. एकाच कार्यक्रमाचे चार फोटो शेजारी ठेवून बघायचं की कोण कुठे उभा होता. एकाने पाठीमागून काढलाय, एक खाली बसलाय, एकाचा फोटो कार्यक्रम सुरू व्हायच्या आधीचाच आहे. माझ्यासाठी हा अर्धा तास दोन वर्षांच्या कोर्सपेक्षा मोलाचा होता. आपल्याकडे नाही आणि दुसऱ्याकडे आहे असं काही दिसलं तर त्याला 'मिस' म्हणतात, आणि त्यावरून सकाळी ऑफिसात चीफचा, म्हणजे मुख्य छायाचित्रकाराचा, मूड ठरतो, म्हणून मिस झालेलं आधीच माहीत असलेलं बरं.

मग डायरी. म्हणजे दिवसभरातल्या कार्यक्रमांची यादी, पत्रकार परिषदा, उद्घाटनं, आंदोलनं, कुणाचा तरी सत्कार. मुख्य छायाचित्रकार वाटून देतात. तुम्हाला पहिल्या दिवशी मंत्री मिळणार नाही, तुम्हाला पुस्तक प्रकाशन मिळणार. असू दे. असाइनमेंट मिळाली की मान डोलावून पळू नका, तीन गोष्टी विचारा: फोटो किती वाजेपर्यंत हवाय, कुठल्या पानाला, उभा की आडवा. इंटर्न हे विचारत नाहीत कारण त्यांना वाटतं मूर्ख दिसू. उलट आहे. ज्या दिवशी मी पहिल्यांदा "सर, उभा की आडवा?" विचारलं त्या दिवशी सरांनी पहिल्यांदा माझं नाव विचारलं. उत्तर नाही मिळालं तर दोन्ही काढून आणा.

पत्रकार परिषद, प्रकाशन, सत्कार वगैरे

इथे जरा थांबते कारण तुमचं पहिल्या दोन महिन्यांचं आयुष्य इथेच जाणार आहे.

गांजवे चौकात पत्रकार भवन आहे, तिथे किंवा कुठल्यातरी हॉटेलच्या हॉलमध्ये. पंधरा मिनिटं आधी पोचा. पोचल्या पोचल्या पहिला फोटो काढायचा तो मागच्या बॅनरचा, मग टेबलावरच्या नावाच्या पाट्यांचा एकेक. ही तुमची वही. मग आयोजकांपैकी जो सगळ्यात जास्त धावपळ करतोय त्याला पकडून वहीत डावीकडून उजवीकडे नावं लिहून घ्या, पदासकट. आणि मग (हे माझ्या अंगावर येऊन कळलंय) लोक बसल्यावर पुन्हा एकदा ताडून बघा.

झालं असं की एका कार्यक्रमात मी पाट्या बघून नावं लिहिली आणि शहाण्यासारखी जागेवर जाऊन बसले. दरम्यान एका पाहुण्यांच्या डोक्यावर एसी गळत होता म्हणून ते शेजारच्यांशी खुर्ची बदलून बसले, पाट्या तिथेच राहिल्या. दुसऱ्या दिवशी फोटोओळीत एका संस्थेचे अध्यक्ष दुसऱ्या संस्थेचे खजिनदार झाले होते. सकाळी आठपासून ऑफिसात फोन. तिसऱ्या दिवशी दोन ओळींची दुरुस्ती छापली गेली, आणि सिनियर दादांनी एक शब्द न बोलता ते कात्रण माझ्या कॅमेरा बॅगेच्या झाकणाला आतून चिकटवलं. अजून आहे तिथे.

सेटिंगचं म्हणाल तर हॉलमधले एलईडी दिवे फार छळतात. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणजे दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो, डोळ्याला दिसत नाही पण कॅमेऱ्याला दिसतो, शटर फास्ट ठेवलं की फोटोवर काळसर आडवे पट्टे येतात. शटर १/१०० किंवा १/५० ला ठेवा, पट्टे जातात. मग हलणारे हात धूसर होतात, म्हणून वक्ता श्वास घ्यायला थांबतो ना, तेव्हा दाबा. आयएसओ वाढला तर वाढू दे, थोडा दाणेदार फोटो छापता येतो, हललेला नाही.

दीपप्रज्वलन: समईच्या पलीकडे उभं राहायचं, म्हणजे ज्योत पुढे आणि चेहरे मागे येतात. बाकीचे सगळे जिथे उभे राहतात तिथून फक्त पाठी मिळतात. पंखा चालू असतो, तीन काड्या विझतात, चौथ्या काडीला सगळे हसतात, आणि तो हसण्याचा फोटो ज्योतीच्या फोटोपेक्षा बरा असतो. शाल-श्रीफळ देताना लोक कॅमेऱ्याकडे बघत गोठून उभे राहतात, तो काढा कारण आयोजक सोडणार नाहीत, पण छापायला देऊ नका, आमचे चीफ हार-तुऱ्याचा फोटो बघितला की स्क्रीनच बंद करायचे.

आणि उभं कुठे राहायचं याचा अलिखित नियम: पुढे जायचं, चार-पाच क्लिक, खाली बसायचं किंवा बाजूला व्हायचं. मागून "ए पिवळा शर्ट, खाली!" अशी हाक आली तर ती तुम्हालाच आहे. चिडू नका. व्हिडिओवाल्यांच्या ट्रायपॉडसमोर तर चुकूनही नको, त्यांची स्मरणशक्ती दांडगी असते.

मुलींसाठी एक वेगळं. गर्दीत धक्के बसतात, कधीकधी मुद्दाम बसतात, अशा वेळी सिनियर फोटोवाल्यांच्या घोळक्यात राहा, आणि काही झालं तर ऑफिसात त्याच दिवशी सांगा. "तुम्हाला जमेल का हे?" असं कुणी विचारलं तर होमाई व्यारावाला आठवा, देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, जन्म १९१३ चा, मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेल्या, साडी नेसून तो अवजड कॅमेरा घेऊन दिल्लीत सत्तांतर टिपत फिरल्या, २०११ ला पद्मविभूषण मिळालं. मी हे उत्तर एकदा दिलं होतं, समोरच्याला होमाई कोण तेच माहीत नव्हतं, सगळा डायलॉग वाया.

"पावसाचा फोटो आण"

दुपारपर्यंत हे वाक्य ऐकू येणारच. हा खरा परीक्षेचा पेपर आहे, बाकी सगळी हजेरी. छत्रीतली कॉलेजकुमारी आणि डबक्यातलं प्रतिबिंब हे दोन्ही फोटो चाळीस वर्षं छापून झालेत, नका काढू. पाऊस दाखवायचा म्हणजे पावसामुळे कुणाचं काय अडलंय ते दाखवायचं. मंडईत भाजीवाल्या ताडपत्रीवर साचलेलं पाणी काठीने ढकलतात, ते पाणी पलीकडच्या गाळ्यावर पडतं आणि भांडण सुरू होतं, तिथे उभं राहा.

माझा एक दिवस जरा सविस्तर सांगते. सकाळी रिपोर्टरचा मेसेज आला, खडकवासला धरणातून विसर्ग वाढवला, नदीपात्रातला भिडे पूल पाण्याखाली. हे पुण्यात दर पावसाळ्यात होतं आणि दर पावसाळ्यात सगळे फोटोवाले शेजारच्या उंच झेड ब्रिजवर ओळीने उभे राहून वरून तोच फोटो काढतात, तपकिरी पाणी आणि मध्ये बुडालेला पूल. मीही काढला, कारण तो लागतोच, नसला तर ओरडा. मग खाली डेक्कनच्या बाजूला पुलाच्या तोंडाशी गेले. तिथे महापालिकेचा एक कर्मचारी दोरी बांधत होता, रेनकोटची बटणं तुटलेली म्हणून त्याने तो सुतळीने आवळला होता, आणि शिट्टी तोंडातच, पण ओली झाल्यामुळे वाजत नव्हती, नुसती फुर्रर्र. त्याच्यासमोर सायकलवर एक काका, हँडलला भाजीची पिशवी, म्हणतायत, "अहो रोज जातो मी इथनं." कर्मचारी म्हणाला, "काका, पूल दिसतोय का तुम्हाला? मला तर दिसत नाहीये." काकांनी खरंच मान लांब करून पुलाकडे बघितलं. क्लिक.

१/५०० शटर होतं, ५५ वर लेन्स, मी दोरीच्या अलीकडे. हे लिहून ठेवा, दोरीच्या अलीकडे. पाणी वाढताना हळू वाढत नाही, आणि फोटोसाठी पलीकडे गेलेल्या माणसाला काढायला याच कर्मचाऱ्याला उतरावं लागतं.

मग नावं. काका म्हणाले, "नाव कशाला? घरी कळेल ना." घरी सांगून निघाले होते की लक्ष्मी रोडवरून जातो. मी म्हटलं ठीक आहे काका, नाव नाही टाकत, आणि नाही टाकलं, समोरचा नको म्हणाला की विषय संपला. कर्मचाऱ्याने मात्र वही हातात घेऊन स्वतः लिहिलं, "पूर्ण टाका मॅडम, वडिलांचं पण. मागच्या खेपेला नुसतं 'पालिका कर्मचारी' छापलं होतं."

जिथे कॅमेरा खाली ठेवायचा

अपघात, आग, ससून रुग्णालयाच्या बाहेर रडणारे नातेवाईक. पहिल्यांदा तुम्हाला एकट्याला पाठवणार नाहीत पण तुम्ही रस्त्यात असताना समोर काही घडू शकतं. आधी मदत, मग फोटो, आणि अग्निशमनवाल्यांच्या पायपात पाय नको. मृतदेहाचे जवळून फोटो काढले तरी छापले जात नाहीत.

कायद्याचं मात्र पाठच करा. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडित व्यक्तीची ओळख पटेल असं काही छापणं गुन्हा आहे, आधी भारतीय दंड संहितेचं कलम २२८-अ होतं, आता भारतीय न्याय संहितेचं ७२. मुलांच्या बाबतीत पोक्सोचं कलम २३ आणि बाल न्याय कायद्याचं ७४. चेहरा धूसर केला म्हणजे सुटलो असं नाही, घराचं दार, शाळेचा युनिफॉर्म, गल्लीची पाटी, आईचा चेहरा, यावरूनही ओळख पटतेच. शंका आली तर फोटो पाठवताना वर ठळक लिहा, 'ओळख तपासा'. डेस्कवाले घाईत असतात, गृहीत धरू नका.

चार वाजता, डेस्क

दोनशे फोटोंतून पाच निवडायचे. पाचच. वीस पाठवलेत तर सब-एडिटर पहिला उघडतो तोच लावतो. त्या पाचांत एक लांबून, एक मधला, एक जवळून, आणि निदान एक उभा. व्हॉट्सॲपवर पाठवायचा झाला तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर त्याचा बारीक चोथा होतो.

थोडं गणित. मोठ्या पेपरचं पान साधारण आठ कॉलमचं, एक कॉलम चार सेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे तीन कॉलमी फोटो बारा सेंटीमीटर. पेपरच्या कागदाला २०० डीपीआय (इंचाला २०० ठिपके) पुरतं, म्हणजे हजारेक पिक्सेल रुंदी झाली की काम झालं. चोवीस मेगापिक्सेलचं टेन्शन घेऊन पन्नास एमबीच्या फाईली पाठवू नका. उलट काळजी घ्यायची ती अंधाराची. हा कागद शाई पितो, स्क्रीनवर जे छान गडद दिसतं ते छापून नुसतं काळं येतं, म्हणून सावल्या थोड्या उघडून द्या. एवढंच करायचं. खांब काढणं, माणूस पुसणं, आकाश बदलणं, फोटो डावा-उजवा उलटवणं, यातलं काहीही केलंत आणि पकडलं गेलं तर त्या ऑफिसात परत उभं करत नाहीत. ओरिजिनल फाईल जपून ठेवा.

फोटोओळ म्हणजे कॅप्शन, ही तुम्हीच लिहायची, रिपोर्टरवर टाकायची नाही. कुठे, काय, कधी, कोण, आणि का, दोन ओळींत. 'पावसाने जनजीवन विस्कळीत' ही फोटोओळ नाही, ते कुठल्याही फोटोखाली चालेल. अशी लिहा: 'पुणे : खडकवासला धरणातून विसर्ग वाढवल्यामुळे बाबा भिडे पूल सोमवारी पाण्याखाली गेला. पुलाच्या तोंडाशी दोरी बांधून सायकलस्वाराला परत पाठवताना महापालिकेचे कर्मचारी अमुक तमुक.' नावातले ऱ्हस्व-दीर्घ वहीतून बघून, मनाने नाही. आडनावावरून तर अजिबात अंदाज लावू नका, आपल्याकडे साठे-साठ्ये वेगळे आहेत आणि दोघंही फोन करतात.

डाक आवृत्ती, म्हणजे बाहेरगावी जाणारी, लवकर सुटते, शहर आवृत्ती रात्री उशिरा. सहा वाजता दिलेला बरा फोटो साडेनऊच्या भारी फोटोला हरवतो कारण तोवर पान लागलेलं असतं. निघायच्या आधी पान लावणाऱ्याच्या मागे दोन मिनिटं गप उभं राहून बघा तो कुठे कापतोय. बोलू नका, बघा. कडेला ठेवलेली महत्त्वाची गोष्ट क्रॉपमध्ये उडते हे तिथेच कळतं.

पैशांचं आणि मोठ्या दिवसांचं

स्टायपेंड बऱ्याच ठिकाणी नसतो किंवा पेट्रोलपुरता असतो. पहिल्याच आठवड्यात विचारा: प्रवासखर्च मिळतो का, नाव छापणार का, आणि फोटोंचे हक्क कुणाचे. कागदावर सही करायला दिली तर वाचून करा. लाजू नका, मी लाजले आणि चार महिने स्वतःच्या पेट्रोलवर शहर फिरले.

पालखी आणि विसर्जन मिरवणूक या दोन दिवशी इंटर्नलाही पूर्ण संधी असते कारण माणसं कमी पडतात. दिवे घाटात माउलींच्या पालखीचा फोटो काढायचा तर रस्ते बंद व्हायच्या आधी, अंधार असतानाच वर चढून जागा धरा आणि खाली उतरायची घाई नको, घाट भरला की हलताच येत नाही. विसर्जनाला चोवीस तासांच्या वर मिरवणूक चालते, मानाच्या पाच गणपतींना सिनियर असतात, तुम्ही पहाटे तीनला अलका चौकात थकून पडलेले ढोलवाले शोधा, त्या वेळेला तिथे दुसरा फोटोवाला नसतो.

घरी गेल्यावर

कार्ड कॉपी करा, दोन जागी, पण लगेच फॉरमॅट करू नका, पेपर छापून येईपर्यंत कार्ड तसंच. कॅमेरा पंख्याखाली उघडा ठेवा, ओल्या बॅगेत बंद करून झोपलात तर लेन्सला बुरशी लागते आणि पुण्याच्या पावसाळ्यात ती फार वाट बघत नाही. वहीतली नावं तारखेसकट मोबाईलमध्ये टाइप करून ठेवा.

आणि पहाटे जाग आलीच तर चौकात जा, विक्रेते पुरवण्या भरत बसलेले असतात, दुकानं उघडायच्या आधी अंक मिळतो. भिडे पुलाचा तो फोटो मी तसाच बघितला, फुटपाथवर उकिडवं बसून. पान तीन, तीन कॉलम, काकांची सायकल क्रॉपमध्ये अर्धी गेलेली पण लांब केलेली मान शाबूत, कर्मचाऱ्याचं नाव वडिलांच्या नावासकट बरोबर, आणि खाली बारीक अक्षरात 'छायाचित्र : प्रतिनिधी'. अशा दिवशी दोन अंक घ्यायचे, एक आपल्या कात्रणांच्या फाईलला आणि एक त्याला नेऊन द्यायला. पाणी ओसरलं नसेल तर तो अजून दोरीपाशीच असतो.